शेवट पाठ आहे, तरी पुन्हा तोच सिनेमा का?

'तुंबाड' २०१८ साली थिएटरात लागला तेव्हा फारशी गर्दी झाली नाही. ज्यांनी पाहिला त्यांनी तोंडभरून कौतुक केलं, पण ते कौतुक चार लोकांपर्यंत पोचेपर्यंत सिनेमा उतरला होता. मधल्या सहा वर्षांत तो घरोघरी मोबाइलवर आणि टीव्हीवर पाहून झाला. मग १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थिएटरात लावला आणि त्यानं पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'सनम तेरी कसम'नं हाच प्रकार केला. २०१६ मध्ये आपटलेला हा सिनेमा नऊ वर्षांनी परत आला आणि मूळ कमाईच्या पुढे गेला.

व्यवहारी माणसाला हे कोडंच वाटतं. तिकीट, पार्किंग, पॉपकॉर्नचा तो अघोरी खर्च, आणि हे सगळं कशासाठी, तर घरी फुकटात पाहिलेल्या, शेवट पाठ असलेल्या गोष्टीसाठी? पण हाच व्यवहारी माणूस रविवारी दुपारी चॅनेल बदलताना 'अशी ही बनवाबनवी' दिसला की रिमोट खाली ठेवतो आणि जेवण आटोपलं तरी ताटावरून उठत नाही. असं का होतं, यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झालेला आहे. त्यातलं काही पक्कं आहे, काही वादातलं. दोन्ही पाहू.

आधी एक गाळणी लावू

पुन्हा पाहणं सगळं एकाच जातीचं नसतं. 'सूर्यवंशम' सेट मॅक्सवर इतक्यांदा लागला की त्यावरचे विनोद हाच एक जोडधंदा झाला. तो आपण 'पाहतो' म्हणण्यापेक्षा तो आपल्या समोर चालू असतो. कुणी भाजी निवडतंय, कुणी इस्त्री करतंय आणि हिरा ठाकूर आपलं काम करतोय. ही झाली सवय, किंवा खरं सांगायचं तर सोबत.

दुसरा प्रकार म्हणजे ठरवून, वेळ काढून, वर पैसे मोजून तोच सिनेमा पुन्हा पाहणं. क्रिस्टेल रसेल आणि सिडनी लेव्ही या दोन अभ्यासकांनी २०१२ मध्ये नेमक्या याच प्रकारावर काम केलं. त्यांनी अमेरिका आणि न्यूझीलंडमधल्या २३ माणसांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. कुणी एकच पुस्तक परत परत वाचणारं, कुणी तोच सिनेमा पाहणारं, कुणी त्याच ठिकाणी पुन्हा सहलीला जाणारं. 'आठवणीत रमायचं असतं म्हणून' हे ठरीव उत्तर त्यांना मिळालंच, पण त्यापलीकडेही बरंच हाती लागलं. माणसं जुन्या गोष्टीकडे परत जातात तेव्हा स्वतःला ताडून पाहतात. मागच्या वेळी आपण कोण होतो, आता कोण आहोत, याचं माप ती त्या सिनेमावर घेतात. सिनेमा जागचा हलत नाही, म्हणून आपण किती हललो ते कळतं.

विशीत 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' पाहताना सिमरनच्या बापाचा राग येतो. पन्नाशीत, घरात लग्नाची मुलगी असेल तर, त्याच बापाच्या चेहऱ्याकडे लक्ष जातं. अमरीश पुरींनी काम एकदाच केलंय.

शेवट माहीत असेल तर उरतं काय?

हा सगळ्यात पहिला आणि रास्त आक्षेप. सिनेमा म्हणजे गोष्ट, गोष्ट म्हणजे 'पुढे काय होणार', आणि ते कळलं की संपलं.

मराठी माणसानं निदान हा आक्षेप घेऊ नये. आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या प्रत्येकाला आख्यानाचा शेवट माहीत असतो. 'संगीत सौभद्र' १८८२ पासून रंगभूमीवर आहे, आणि सुभद्रेचं लग्न शेवटी कुणाशी लागणार याची काळजी करत आजवर एकही प्रेक्षक घरी गेलेला नाही. लोक जात होते ते जागांसाठी. अमुक पदातली अमुक जागा, तमुक प्रवेशातली हशाची जागा. ती जागा मनासारखी आली की वन्स मोअर, आणि तेच पद पुन्हा. म्हणजे एकाच बैठकीत, पाच मिनिटांच्या आत, तेच तेच.

प्रयोगशाळेतूनही याला थोडा आधार मिळतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना १२ लघुकथा वाचायला दिल्या. काही रहस्यकथा, काही शेवटी कलाटणी देणाऱ्या, काही निव्वळ साहित्यिक. काही वाचकांना शेवट आधीच सांगून टाकला. अपेक्षा अशी की यांचा विरस होईल. झालं उलटं: शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीनं थोडी जास्तच आवडली. पुढे इतरांनी केलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र इतके एकमुखी नाहीत. काहींत शेवट आधी कळल्यानं मजा कमी झाल्याचंही दिसलं. तेव्हा या आधारावर मित्राला रहस्यपटाचा खुनी सांगून टाकू नका. इतकंच म्हणता येईल की शेवट कळला की सगळं संपलं, ही समजूत फार ढोबळ आहे.

याहून मजेशीर काम रिचर्ड गेरिग यांचं आहे, १९८९ चं. त्यांनी वाचकांना अशा घटनांबद्दल छोटे उतारे दिले ज्यांचा निकाल शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. उदाहरणार्थ, जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पण उतारा असा रचलेला की वाटावं, हे गृहस्थ आता नकार देतात की काय. उतारा संपल्यावर 'वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले, खरं की खोटं?' असं विचारलं, तर उत्तर द्यायला लोकांना एरवीपेक्षा किंचित जास्त वेळ लागला. माहिती डोक्यात होतीच. पण गोष्टीच्या ओघात असताना ती चटकन हाताशी येत नव्हती. दहाव्यांदा पाहतानाही सिमरनचा हात गाडीतल्या राजच्या हातात जाईपर्यंत आपला जीव टांगणीला लागतो, तो यामुळे. डोक्याचा एक भाग जाणून असतो, दुसरा गोष्टीत गुंतलेला असतो, आणि त्यांचं आपसात फारसं बोलणं होत नाही.

'शोले'चं तर आणखी पुढे गेलं. १९७५ मध्ये सेन्सॉरमुळे त्याचा शेवट बदलावा लागला होता; मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. ती डागडुजी केलेली मूळ प्रत जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली. पन्नास वर्षं एक शेवट पाठ केलेल्या लोकांना दुसरा शेवट पाहायला मिळाला. तरीही 'शोले' म्हटलं की लोक शेवटाबद्दल बोलत नाहीत. पाण्याच्या टाकीवरचा प्रसंग, सुरमा भोपाली, जेलर, मावशीकडे घातलेली मागणी. शेवट बदलला तरी आवड बदलत नसेल, तर ती शेवटावर अवलंबून नव्हती हे उघड आहे.

दुसऱ्यांदा पाहताना डोळे कुठे असतात?

नव्या घाटात पहिल्यांदा गाडी चालवणाऱ्याला विचारा, दरी कशी होती? त्याला वळणं आठवतील, समोरून आलेला ट्रक आठवेल. दरी बघायला सवड कुणाला होती? त्याच घाटातून रोज जाणाऱ्याला कुठल्या वळणावर धबधबा दिसतो आणि कुठे वडापावची गाडी लागते हे सगळं ठाऊक असतं. सिनेमा पहिल्यांदा पाहताना आपण त्या नव्या चालकासारखे असतो. कोण कुणाचा कोण, हा खोटं का बोलतोय, ती चिठ्ठी कुणाची, यातच सगळं अवधान खर्ची पडतं.

अवधान किती तोकडं असतं याचा पुरावा म्हणजे डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा १९९९ चा गाजलेला प्रयोग. प्रेक्षकांना एक चित्रफीत दाखवली. काही माणसं एकमेकांकडे चेंडू फेकतायत, तुम्ही पांढऱ्या कपड्यांतल्यांनी किती वेळा फेकला ते मोजा. मध्येच गोरिलाचा वेश केलेली बाई चालत येते, छाती बडवते आणि निघून जाते. जवळपास निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. तीच चित्रफीत पुन्हा दाखवली की लोक म्हणतात, ही वेगळी आहे. ज्याला कथानकाची मोजदाद करावी लागत नाही, त्यालाच गोरिला दिसतो.

आता 'अशी ही बनवाबनवी'मधला सत्तर रुपयांचा प्रसंग घ्या. घरमालक विश्वास सरपोतदारांनी मधुमेहाचं औषध इस्तंबूलहून मागवण्यासाठी धनंजय मानेला सत्तर रुपये दिलेत. औषधाचा पत्ता नाही, कारण ते पाठवणारा मित्रच म्हणे वारला. मग आपल्या सत्तर रुपयांचं काय, तर तेही वारले. पहिल्यांदा पाहताना आपण हसतो ते त्या शेवटच्या शब्दाला. चौथ्या-पाचव्या वेळी लक्षात येतं की अशोक सराफ सबंध प्रसंगात दुखवट्याचा सूर सोडत नाहीत. मित्र आणि सत्तर रुपये यांच्यासाठी आवाजात तेवढंच दुःख आहे. त्याहीनंतर कधीतरी नजर सरपोतदार झालेल्या सुधीर जोशींकडे वळते. बोलायची पाळी त्यांची नाही तेव्हा ते काय करतायत हे आपण तोवर पाहिलेलंच नसतं. सांत्वन करावं की पैसे मागावेत, या पेचात अडकलेला सभ्य माणूस त्यांच्या चेहऱ्यावर आहे, आणि अर्धा विनोद तिथे आहे. वाक्य एकाचं, हशा दोघांचा. मला विचाराल तर दोन तृतीयांश सरपोतदारांचा.

पुन्हा पाहणाऱ्याला आणखी एक सुख मिळतं, ते म्हणजे जागा यायच्या आधीची वाट. माँट्रियलमधल्या मॅकगिल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०११ मध्ये लोकांना त्यांचं स्वतःचं आवडतं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं आणि त्या वेळी मेंदूत काय चालतं ते मोजलं. डोपामीन हे मेंदूतलं रसायन हवीहवीशी गोष्ट समोर असली की पाझरतं. ते काट्याच्या क्षणी तर पाझरलंच, पण त्याच्या काही सेकंद आधी, नुसत्या चाहुलीनंही पाझरलं, आणि तेही मेंदूच्या निराळ्या भागात. अभ्यास संगीताचा होता, सिनेमाचा नव्हे. पण घरात पाच जण मिळून बनवाबनवी पाहत असतील तर पुरावा समोरच असतो. वाक्य यायच्या आधीच काकांच्या मिश्या हलायला लागतात, धाकटी ते वाक्य अर्धा सेकंद आधी म्हणून टाकते, आणि मोठी तिच्यावर खेकसते की ऐकू दे ना.

मग प्रत्येकच सिनेमा दहा वेळा का पाहवत नाही?

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये दाखवलं की नुसत्या ओळखीनंही गोडी वाढते. त्यांनी लोकांना निरर्थक शब्द, चिनीसारखी दिसणारी अक्षरं आणि अनोळखी चेहऱ्यांचे फोटो कमी-जास्त वेळा दाखवले. जे जास्त वेळा दिसलं, ते लोकांना जास्त चांगलं वाटलं. कारण काहीच नाही, फक्त पाहण्यात आलं होतं. निवडणुकीत गल्लोगल्ली तोच चेहरा का लावतात, हे यावरून कळेल.

पण हे अमर्याद चालत नाही. डॅनियल बर्लाइन यांनी १९७० च्या सुमारास मांडलेला आलेख आधी चढतो, माथ्यावर पोचतो आणि मग उतरतो. अगदी नवी गोष्ट थोडी खटकते, ओळखीची होत जाते तशी आवडते, आणि अति ओळखीची झाली की कंटाळा येतो. माथा किती लवकर येणार हे त्या गोष्टीत किती भरलंय त्यावर ठरतं. जाहिरातीची धून आठवड्यात नकोशी होते, भीमसेन जोशींचा अभंग वर्षानुवर्षं पुरतो.

सिनेमाला हे लावून पाहा. ज्याचा सगळा जीव एका कलाटणीत आहे तो दुसऱ्या वेळी पाहायला छान असतो, कारण दिग्दर्शकानं आपल्याला कसं फसवलं ते कळतं. तिसऱ्या वेळी तो उतरणीला लागतो. ज्यात आठ-दहा ठसठशीत माणसं आहेत, प्रत्येकाला बोलायची ढब आहे, आणि कथा जरा बाजूला ठेवली तरी प्रसंग आपल्या पायावर उभे राहतात, तो टिकतो. मध्येच कुठूनही सुरू केला तरी चालतो हीच त्याची परीक्षा. विनोदी सिनेमे आणि गाण्यांचे सिनेमे या यादीत जास्त का, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. थोर पण अंगावर येणारे सिनेमे आपण मनापासून नावाजतो आणि पुन्हा लावत नाही. थोरपण आणि पुन्हा पाहण्याजोगेपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुरस्कार देणाऱ्या समित्यांना दुसरीशी काही देणंघेणं नसतं.

दमून आल्यावर नवं का नको वाटतं?

रात्री साडेनऊ. जेवण झालंय. ओटीटीवर नवे सिनेमे दिसतायत, प्रत्येकाचं पोस्टर बघितलं, दोन ट्रेलर पाहिले, वीस मिनिटं गेली, आणि शेवटी लावलं काय, तर तेच जुनं. याला घरात आळस म्हणतात.

जे डेरिक यांचा २०१३ चा अभ्यास थोडी दयामाया दाखवतो. त्यांनी काही जणांना सहलीचं वर्णन लिहायला सांगितलं, पण अट घातली की इंग्रजीतली 'ए' आणि 'एन' ही अक्षरं वापरायची नाहीत. करून पाहा, डोक्याला घाम फुटतो. बाकीच्यांना मोकळेपणानं लिहू दिलं. नंतर आवडत्या मालिकेबद्दल लिहा म्हटल्यावर डोकं शिणलेले लोक त्यात जास्त रमले, आणि ते लिहून झाल्यावर ताजेतवाने झाल्यासारखे दिसले. रोजनिशीच्या नोंदींतूनही असंच दिसलं की दमणुकीच्या दिवशी लोक आधी पाहिलेल्या भागांकडे वळतात, आणि त्यांना बरं वाटतं. नव्या भागांनी ते साधत नव्हतं.

एक सावधगिरी. हा अभ्यास ज्या कल्पनेवर उभा आहे, की संयम वापरला की तो खर्च होतो आणि पुन्हा भरावा लागतो, तिच्यावरच पुढे मोठं प्रश्नचिन्ह लागलं. २०१६ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून ती तपासली तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. तेव्हा 'सिनेमा पाहिल्यानं बॅटरी चार्ज होते' असं कुणी शास्त्राच्या नावावर सांगू लागलं तर मान डोलावू नका. साधी गोष्ट मात्र उरतेच. नव्या सिनेमात वेळ वाया जायची जोखीम असते, जुन्यात नसते. दिवसभर ऑफिसात नाही नाही ते निर्णय घेतलेल्या माणसाला आणखी एक निर्णय नको असतो.

पडद्यावरची माणसं, घरातली माणसं

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच, टीव्ही नवा असताना, लिहून ठेवलंय की पडद्यावर नेहमी दिसणाऱ्या माणसाशी प्रेक्षक एकतर्फी नातं जोडतो. आपण त्याला ओळखतो, तो आपल्याला ओळखत नाही, पण मनाला या फरकाचं फारसं काही वाटत नाही. बनवाबनवीतली लीलाबाई काळभोर ही बाई आपल्या ओळखीतली वाटते. लक्ष्मीकांत बेर्डे आणि सिद्धार्थ रे दोघेही २००४ मध्ये गेले, सुधीर जोशीही आता नाहीत. तरी त्या घरात ते रोज खोटं बोलतायत, पकडले जाता जाता वाचतायत.

यात वयाचाही हात असतो. चाळिशी उलटलेल्या माणसांना आयुष्यातलं काहीही आठवा म्हटलं तर साधारण दहा ते तिशीच्या आतल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात, असं अनेक अभ्यासांत दिसतं. त्या वयात पाहिलेला सिनेमा एकटा येत नाही. गणपतीत गल्लीत बांधलेला पडदा, उलट्या बाजूनं बसून पाहिलेली उलटी अक्षरं, शनिवारी संध्याकाळी मुंबई दूरदर्शनवरचा मराठी चित्रपट आणि बातम्यांसाठी मध्येच तोडल्यामुळे झालेली चिडचिड, हे सगळं त्याला चिकटून येतं.

'म्हणजे जुने सिनेमे खरंच चांगले होते ना?' असं लगेच कुणीतरी विचारतं. अजिबात नाही. बनवाबनवीच्याच वर्षी, १९८८ मध्ये, आलेले टुकार सिनेमे आपण विसरलोय, एवढंच. चाळणीतून खाली गेलेलं दिसत नाही आणि वर उरलेलं पाहून आपण म्हणतो, त्या काळी काय सिनेमे बनायचे!

पोरगं रोज तेच कार्टून लावतं, ते?

लावू द्या. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'ब्ल्यूज क्लूज' या मुलांच्या कार्यक्रमाचा एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवत. मोठ्यांना वेड लागायची पाळी, पण ते विचारपूर्वक केलेलं होतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एकच भाग पाच वेळा दाखवून अभ्यास केला तेव्हा त्यांचं समजणं वाढत गेलं आणि मुलं पडद्याशी जास्त बोलू लागली, आधीच उत्तरं ओरडू लागली. लहान मुलाला पहिल्या फेरीत गोष्ट धड कळलेलीच नसते. शिवाय पुढे काय येणार हे सांगता येणं, हा त्या वयात केवढा मोठा अधिकार असतो! घरात बाकी सगळं दुसरेच ठरवत असतात. दिवसात किती वेळ पडद्यासमोर बसू द्यायचं हा प्रश्न वेगळा, आणि तो नव्या कार्टूनलाही तेवढाच लागू आहे.

मग नवं कधी पाहणार?

या आक्षेपात तथ्य आहे. कुणी नव्याला घाबरून, माणसांना टाळून, महिनोन् महिने त्याच चार सिनेमांत तोंड खुपसून बसला असेल तर तिथे प्रश्न सिनेमाचा राहत नाही. पण बहुतेकांची चूक उलट्या दिशेनं होते. शिकागो विद्यापीठातल्या एड ओब्रायन यांनी २०१९ मध्ये दाखवलं की पुन्हा केलेल्या गोष्टीत किती मजा येईल याचा अंदाज लोक कमीच बांधतात. संग्रहालयातलं प्रदर्शन लगेच दुसऱ्यांदा पाहायला लावलं, घरी पाहिलेला सिनेमा परत पाहायला लावला. कंटाळा येईल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त मजा आली. कारण पहिल्या वेळी निसटलेलं बरंच काही दुसऱ्या वेळी सापडलं. आपल्याला वाटतं आपण तो सिनेमा पाहिलाय. खरं तर आपण त्यातला थोडासाच पाहिलेला असतो.

थिएटरवाल्यांना यात काय दिसतं?

मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरला हे केव्हाच दिसलं होतं. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' २० ऑक्टोबर १९९५ ला आला आणि तिथे सकाळच्या खेळाला ठाण मांडून बसला. डिसेंबर २०१४ मध्ये १००० आठवडे झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये खेळ बंद करायचं जाहीर झालं, लोकांनी आरडाओरडा केला, आणि तो पुन्हा सुरू झाला. शेजारी रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँड, तिकीट अगदी स्वस्त. गाडीला तीन तास आहेत, बाहेर ऊन आहे, आत पंखा-एसी आणि शाहरुख आहे. तिथे बसणाऱ्यांतले सगळेच भाविक नसतात, काही जण निवाऱ्याला आलेले असतात, आणि त्यात वावगं काही नाही. त्याआधी 'शोले' मिनर्व्हात पाच वर्षं चालला. त्याच्या नुसत्या संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि खपल्या. घरी बसून सिनेमा पुन्हा 'पाहायची' ती व्हिडिओपूर्व काळातली सोय.

आताच्या लाटेमागचं गणित साधं आहे. पूर्वी सिनेमा परत लावायचा तर रिळांची प्रत लागायची. ती झिजलेली, चरे पडलेली असायची, आणि नवी काढणं महाग. आता डिजिटल फाइल पाठवली की झालं. नव्या सिनेमाच्या प्रसिद्धीवर कोटींनी खर्च होतो. जुन्याची प्रसिद्धी लोकांनी रील्स आणि मीम्समधून आधीच फुकट करून ठेवलेली असते. शुक्रवारी दमदार नवं काही नसेल तर पडदा रिकामा ठेवण्यापेक्षा जुना सिनेमा लावणं परवडतं. चालला तर मिळकत, नाही तर फार काही बुडत नाही.

याची झळ कुणाला बसते, तर लहान नव्या सिनेमांना. मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये सोयीच्या वेळी खेळ मिळावेत म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारला नियम करायला घ्यावा लागला होता, यावरून पडद्यांची टंचाई कळते. त्यात जुन्या हिंदी सिनेमांची भर पडली तर नवोदित दिग्दर्शकाच्या वाट्याला दुपारी पावणेबाराचा खेळ येतो, आणि तोही आठवड्याच्या मधल्या वारी. 'लोकांना जे हवं ते आम्ही लावतो' हे थिएटरवाल्याचं उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. झायन्स यांचा प्रयोग इथे उलटा लागू होतो: जे पाहायलाच मिळत नाही, त्याची गोडी लागायची कशी?

पुढचे 'पाठ' सिनेमे कोणते?

बनवाबनवी २३ सप्टेंबर १९८८ चा. आज विशीत असलेल्यांनी तो थिएटरात पाहिलेला नाही, तरी त्यांना तो पाठ आहे, कारण टीव्हीनं तो सणावाराला, सुट्टीला, पाऊस पडला म्हणून, काही नाही म्हणून लावला. ती निवड त्यांची नव्हती. घरात एकच टीव्ही होता आणि रिमोट आजोबांकडे होता. त्यातून आजोबा आणि नातवाचे विनोद एक झाले.

ओटीटीवर प्रत्येकाचा पडदा वेगळा आणि यादीही वेगळी. तिथे सिनेमा समोर आपोआप येत नाही, मागावा लागतो, आणि ज्याची आठवण नाही तो कुणी मागत नाही. त्यात तो तिथे कायमचा असतो असंही नाही. हक्कांची मुदत संपली की यादीतून निघतो. नवे सिनेमे हल्ली थिएटरात दोन आठवडे, मग एका ओटीटीवर, आणि त्याचं वर्गणीचं पॅकेज तुमच्याकडे नसेल तर तुमच्यापुरता तो संपला. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत ही अडचण आणखी वाढते, कारण इथे दिसणारा सिनेमा तिथल्या यादीत असेलच असं नाही. म्हणून सुट्टीला आलेली माणसं परत जाताना लोणच्याच्या बरणीबरोबर पेन ड्राइव्हही भरून नेतात, आणि त्यात काय काय टाकायचं यावर निघायच्या आदल्या रात्री घरात भांडण होतं.